पुरस्काराची निम्मी रक्कम कामाला लावा

संपादक महोदय,

संशोधनासाठीचे पुरस्कार जाहीर होतात तेव्हा मानकऱ्याचे नाव आणि रक्कम ठळक छापून येते. त्या पैशांचे पुढे काय होते, याबद्दल चकार शब्द नसतो. बहुतेक वेळा ते मानकऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि विषय संपतो. त्यात गैर काही नाही. पण निवृत्तीला टेकलेल्या नामवंत प्राध्यापकापेक्षा दोन वर्षांच्या कंत्राटावर राबणाऱ्या त्याच्या तरुण सहकाऱ्याला त्या पैशांची गरज कितीतरी अधिक असते.

बाल्झान प्रतिष्ठानाने यावर चांगला तोडगा काढला आहे. एउजेनिओ बाल्झान हे मिलानच्या ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या वृत्तपत्राचा कारभार पाहत. त्यांच्या पश्चात मुलीने वडिलांच्या संपत्तीतून हे प्रतिष्ठान उभे केले. (१९६१ मधला त्यांचा पहिलाच पुरस्कार चक्क नोबेल प्रतिष्ठानाला दिला गेला!) दरवर्षी चार पुरस्कार असतात, प्रत्येकी ७,५०,००० स्विस फ्रँकचे. विषय दरवर्षी बदलतात, त्यामुळे ज्यांच्या वाट्याला नोबेल कधी येणार नाही अशा ज्ञानशाखांनाही पाळी मिळते. आणि २००१ पासूनची अट अशी की निम्मी रक्कम मानकऱ्याने संशोधन प्रकल्पावर खर्च करायची, तीही शक्यतो तरुण संशोधकांना घेऊन.

नवा पुरस्कार सुरू करणाऱ्यांनी ही अट जशीच्या तशी उचलावी. मात्र नुसते ‘निम्मी रक्कम संशोधनासाठी’ एवढेच लिहून भागत नाही. प्रकल्प रखडतात ते बहुधा करारातल्या ढिलाईमुळे. मुदत मंजुरीच्या तारखेपासून मोजली की जाहिरात, मुलाखती, रुजू होणे यातच सहा-आठ महिने जातात आणि दोन वर्षांचे काम जेमतेम दीड वर्षात उरकावे लागते. म्हणून मुदत संशोधक रुजू झाल्या दिवसापासून धरावी. शिल्लक रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात नेण्याची मुभा लेखी असावी. नाहीतर वर्ष संपता संपता गरज नसलेली उपकरणे घेतली जातात. यजमान संस्थेचा प्रशासकीय खर्च किती टक्के, हेही आधीच ठरवावे, मागाहून तो पगाराच्या पैशांतूनच कापला जातो. मानव्यविद्यांच्या प्रकल्पांत हमखास विसरला जाणारा खर्च म्हणजे हस्तलिखितांच्या प्रतिमांचे आणि त्या छापण्याच्या परवानगीचे शुल्क. पुस्तक छपाईला जाताना ते समोर येते, तेव्हा तिजोरी रिकामी असते. मानकरी बहुधा वयस्कर असतो, तेव्हा त्याच्यानंतर प्रकल्प कोण सांभाळेल त्याचे नाव सुरुवातीलाच नोंदवून घ्यावे. हे लिहिताना संकोच वाटतो, म्हणूनच ते राहून जाते.

मूळ निधीचा हिशेबही दात्यांनी नीट करावा. वर्षाला चार टक्केच काढायचे तर पुरस्काराच्या पंचवीसपट निधी लागतो. परीक्षक, प्रवास आणि समारंभाचा खर्च त्यावर वेगळा. महागाई तर कोणालाच सोडत नाही. १९०१ मध्ये नोबेलची रक्कम १,५०,७८२ स्वीडिश क्रोनर होती. मधल्या काळात तिचे खरे मोल इतके घसरले की ते मूळ पातळीवर यायला १९९१ उजाडले. २०१२ मध्ये नोबेल प्रतिष्ठानाने रक्कम एक कोटी क्रोनरवरून ८० लाखांवर आणली, ती २०२३ मध्ये एक कोटी १० लाख झाली. निधी टिकवायचा म्हणून स्वतःच्या पुरस्काराला कात्री लावण्याची हिंमत त्यांनी दाखवली. नवख्या विश्वस्तांना ते जड जाते, कारण एकदा जाहीर केलेला आकडा त्यांच्या प्रतिष्ठेचा होऊन बसतो. तेव्हा न्यासपत्रात आकडा घालूच नये. गेल्या काही वर्षांच्या सरासरी निधीचा अमुक टक्का, एवढेच लिहावे.

– एक वाचक