विदर्भ एक्स्प्रेस सुटल्यावर

दादर, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हीटीला तुझ्या मित्रांसमोर मी तुझ्या बॅगेत ग्लुकोजचा पुडा कोंबला आणि तू म्हणालास, "आई, लेक्चर नको." गाडी हलली तरी तू हात केला नाहीस. बाबा म्हणतात, एसी डब्याच्या काचेतून बाहेरच्याला काही दिसत नाही. असेल.

तुझ्या डायबेटिसबद्दल, रात्री उतरणाऱ्या साखरेबद्दल या पत्रात मी चकार शब्द काढणार नाही.

तिथे रोज संध्याकाळी फुटबॉल असतो म्हणालास. खेळ, जरूर खेळ. मी तीस वर्षं फळ्यावर इन्सुलिन म्हणजे किल्ली असं काढत आले, पण खरं सांगू, मला आपली चाळच जास्त पटते. खालून कुणी हाक मारली की पहिल्या मजल्यावरच्या काकू ती वर पोचवायच्या. हाक मारणाऱ्याला जिना चढावा लागायचा नाही. इन्सुलिनही पेशीच्या बाहेरूनच रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, धरतं. तो आतल्या अंगाला जागा होतो, फॉस्फेट चिकटवत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि आत पडून असलेली ग्लूट-४ नावाची दारं पेशीच्या कडेला येऊन बसतात. मग साखर आत. गंमत म्हणजे पळणाऱ्या स्नायूत ही दारं हाक न मारताच वर येतात. आणि खेळ संपला तरी स्नायू आपलं रिकामं झालेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरायला तासन् तास साखर ओढत राहतो. संध्याकाळी खेळलास तर हे भरणं कधी चालणार? रात्री. बघ, लिहिणार नव्हते.

आता आलंच आहे तर ऐक. मेंदू इन्सुलिनसाठी थांबत नाही, पण त्याच्याकडे साठाही जवळजवळ नसतो. साखर उतरली की अ‍ॅड्रेनॅलिन घाम फोडतं, हात थरथरवतं. झोपेत ही घंटा बारीक वाजते. मीटरवर साखर सत्तरच्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. तुला पाठ आहे. माफ कर, लेक्चरच झालं.

तुला वाटतं माझा तुझ्यावर विश्वास नाही. ओंकार, माझा माझ्यावर नाही. दहावीच्या त्या पावसाळ्यात तू रात्रीतून चार वेळा उठायचास, घटाघटा पाणी प्यायचास, शर्ट खांद्यावरून उतरायला लागले होते. रक्तातली जास्तीची साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेते, हे मी त्याच आठवड्यात बारावीच्या वर्गात शिकवलं होतं. आणि घरी येताना रानडे रोडवरून तुला मोठी बाटली घेऊन आले. निळी. अजून माळ्यावर आहे. आजी म्हणायची, पोर वाढीला लागलंय.

दवाखान्यात पहिलं इंजेक्शन मला द्यायला सांगितलं तर माझा हात लटपटला. तू सिरिंज काढून घेतलीस आणि स्वतःच टोचलीस. पंधरा वर्षांचा होतास. हे मी स्टाफरूममध्ये किती वेळा सांगितलंय, तुला कळलं तर चिडशील.

१९२२ च्या जानेवारीत टोरोंटोला ज्या मुलाला सगळ्यात आधी इन्सुलिन दिलं, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवत. वर्गात मी इन्सुलिन शोधणारे बँटिंग आणि बेस्ट एवढं सांगून पुढे जायचे. हल्ली त्या मुलाच्या आईकडे येऊन अडकते.

सुमाआत्या गुरुवारी नागपूरला येतेय, तिच्याबरोबर स्ट्रिप्सच्या दोन डब्या आणि चकल्या पाठवते. रूममधल्या मुलाला सांगितलंस का? त्याचं नाव तरी कळव. नंबर मागत नाहीये.

तुझी,
आई

ता. क. आजीने देवापुढची खडीसाखर डबीत भरून दिलीय. प्रेमाने खा, पण वेळेला ती नको, विरघळायला उशीर लावते. पुडा उशाशी ठेव.