काकूंचा फोन चार्जिंगला होता

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय विन्या,

रस्त्यातल्या त्या अपघातानंतर घातलेलं काकूंचं प्लास्टर निघालं हे वाचून जीव भांड्यात पडला. परवा फोनवर त्या मला काय म्हणाल्या ते तुला सांगितलं का? "तू तिकडं गाड्यांचंच काहीतरी करतोस ना, मग त्या गाड्यांना जरा अक्कल घाल की!" मी हसून वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला, त्यातही तेच. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, नव्या गाड्यांतही सिम असतं, मग 'मी इथं रस्त्यात आहे' एवढं फोनला गाडीला का सांगता येऊ नये? खाली तू लिहिलंस, "तुम्ही इंजिनिअर लोक झोपा काढता काय?"

मेसेजमध्ये उत्तर द्यायला बसलो तर चार वेळा खोडलं. म्हणून म्हटलं, कॉलेजात लिहायचो तसं सरळ पत्रच लिहावं. लांबेल. चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट म्हणजे फोनला ते सांगता येतं. तुझी कल्पना वेडगळ नाही, उलट जुनी आहे. होंडाने २०१३ साली अमेरिकेत हे करून दाखवलं होतं. एक माणूस फोनमध्ये मान घालून उभ्या गाड्यांच्या आडून रस्त्यात येतो. चालकाला तो दिसतच नाही. पण त्याचा फोन आणि येणारी गाडी थेट रेडिओवर एकमेकांशी बोलत असतात. फोन जोरात वाजतो आणि गाडीत चालकासमोर इशारा उमटतो. अमेरिकेत या संदेशाचा नमुनाही ठरलेला आहे, त्याचं नाव 'पर्सनल सेफ्टी मेसेज'. मी कुठे आहे, कुठल्या दिशेने, किती वेगाने चाललोय आणि पायी आहे की सायकलवर, एवढंच त्यात असतं. गाड्यांचाही असाच संदेश असतो आणि तो सेकंदाला दहा वेळा जातो. नावगाव काही जात नाही.

याची खरी गरज कुठे आहे ते हिशोबाने बघ. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. समोर काहीतरी आलंय हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धर, म्हणजे २१ मीटर गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर आणखी चौदा-पंधरा. सगळे मिळून ३५ मीटर. आता स्टॉपवर एसटी उभी आहे आणि तिच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडायला निघालंय. मागून ओव्हरटेक करणाऱ्याला तो माणूस दिसेल तेव्हा मधे दहा मीटर उरलेले असतील. तिथे चालक कितीही सज्जन असला तरी उपयोग नाही. कॅमेरा आणि रडार असलेली महागडी गाडीही हातच टेकते, कारण एसटीच्या आरपार तिलाही दिसत नाही. एसटीच्या आडून काही कळवू शकेल असा फक्त रेडिओ. म्हणून तर मी या कामाला चिकटून आहे.

आता रडगाणं.

मागच्या वर्षी चाकणच्या बाजूला एका बंद आवारात आम्ही याची चाचणी घेत होतो. मे महिना, दुपारची वेळ, डांबर पायाला चटके देतंय. दुकानात मिळणाऱ्या फोनमध्ये हा थेट बोलणारा रेडिओ नसतो, त्यामुळे फोनच्या पाठीला टिफिनच्या झाकणाएवढा, त्या रेडिओचा एक डबा चिकटपट्टीने लावलेला. पादचारी म्हणून मी. (पादचाऱ्याच्या जागी ढकलायचा पुतळा होता, पण त्याचं चाक मोडलेलं. आमच्याकडे अशा वेळी माझी आठवण येते.) डबा हातात धरून चाललो तेव्हा लांबच्या टोकाला वळणाऱ्या गाडीलाही मी दिसत होतो. मग साहेब म्हणाले, लोक काय फोन देवघरातल्या समईसारखा पुढे धरून चालतात का, मागच्या खिशात घाल. घातला, गाडीकडे तोंड केलं आणि निघालो. गाडीतल्या स्क्रीनवर माझा ठिपका दिसायचा, गायब व्हायचा, पुन्हा दिसायचा. लॅपटॉप घेऊन बसलेला पोरगा ओरडला, "सर, तुम्हीच मधे येताय!"

आणि मीच मधे येत होतो. ही लहर साधारण पाच सेंटिमीटर लांबीची, ५.९ गिगाहर्ट्झची. तिला पाणी चालत नाही, आणि माणूस म्हणजे बराचसा पाणीच. ज्याला वाचवायचं त्याचंच शरीर त्याची हाक अडवतं. त्या दिवशी उन्हात उभं राहून मला हसू आवरेना.

याहून मोठं दुखणं जागेचं आहे. तुझ्या फोनला तू कुठे आहेस ते कळतं, पण कितपत? मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर. ओला-उबरला तेवढं पुरतं, रिक्षावाला फोन करून विचारतोच, "साहेब, नक्की कुठे?" इथे मात्र फूटपाथच्या कडेला उभा असलेला माणूस आणि कठड्यावरून उतरून गाडीच्या वाटेत आलेला माणूस यांच्यात एका पावलाचा फरक आहे. पाच मीटरच्या चुकीत तू दुकानात आहेस, फूटपाथवर आहेस की दुभाजकापाशी, काहीही असू शकतं. उंच इमारती आल्या की उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि चूक वाढते. न्यूयॉर्कमध्ये सरकारने गाड्या जोडायचा मोठा पथदर्शी प्रकल्प केला, तिथे मॅनहॅटनच्या इमारतींनी हाच छळ मांडला होता.

सुधारणा होतेय, नाही म्हणत नाही. २०१८ पासून काही फोन दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रह ऐकतात, एल-१ आणि एल-५. त्याने आपटून आलेला सिग्नल ओळखणं सोपं जातं. आपला 'नाविक', म्हणजे भारताचं स्वतःचं जीपीएस, पहिल्यापासून एल-५ वर आहे, आणि २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल-१ वरही बोलतो. तरी खिशात, पर्समध्ये किंवा भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली असलेल्या फोनवर एका पावलाचा भरवसा मी ठेवणार नाही.

जागा चुकली की खोटे इशारे सुरू होतात. रस्त्यालगतच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई, बसच्या खिडकीत बसलेले चाळीस जण, फूटपाथवर वडापाव खाणारे कॉलेजकुमार, या सगळ्यांसाठी गाडी बोंबलायला लागली तर चालक दुसऱ्या दिवशी ते बंद करून टाकेल. मीही करेन. बोंबलणं हॉर्नसाठी राखून ठेवलेलं आहे आपल्याकडे.

आणि गर्दी! दादरला संध्याकाळी सहाला लोकल रिकामी होते तेव्हा जितके फोन पुलावरून उतरतात, ते सगळे सेकंदाला अनेकदा 'मी इथं, मी इथं' करू लागले तर कुणाचंच कुणाला ऐकू जाणार नाही. युरोपच्या मानकात यावर तोड आहे, आणि मला ती फार आवडली. एकत्र चालणाऱ्यांचा गट करायचा, त्यातला एकच फोन सगळ्यांच्या वतीने बोलेल, बाकीचे गप्प. वाचल्यावर मला दिंडी आठवली. वीणेकरी ठरलेला असतो, बाकीच्यांनी आपापलं ठिकाण ओरडून सांगायचं कारण नाही. त्याने बॅटरीही वाचते. (बॅटरीचं पुराण लावत नाही. दिवसभर जीपीएस चालू ठेवून बघ, दुपारीच चार्जर शोधशील.)

मग डब्याशिवाय, थेट मोबाइल टॉवरमार्फत का नाही, असं तू विचारशील. तोही रस्ता आहे. होंडा आणि सॉफ्टबँक यांनी २०२१ मध्ये जपानमध्ये ५-जी वरून त्याची चाचणी सुरू केली. तिथे नवा रेडिओ नको, पण फोन ते टॉवर, टॉवर ते सर्व्हर आणि सर्व्हर ते गाडी असा फेरा पडतो. रेंज गेली की संपलं. थेट रेडिओ फोनमध्ये का येत नाही, त्यात पैसा आणि राजकारण दोन्ही आहे. अमेरिकेने १९९९ साली गाड्यांच्या या बोलण्यासाठी रेडिओलहरींची ७५ मेगाहर्ट्झची पट्टी राखून ठेवली. वीस वर्षं ती बहुतेक ओसच पडून राहिली, आणि २०२० मध्ये त्यातले ४५ काढून वायफायला दिले. फोनवाले म्हणतात, ऐकणाऱ्या गाड्याच नाहीत तर चिप कशाला घालू? गाडीवाले म्हणतात, बोलणारे फोनच नाहीत तर आम्ही ऐकू काय? आधी कोण, यावर सगळं अडलंय.

हे सगळं तांत्रिक झालं, आणि तांत्रिक गोष्टी आज ना उद्या सुटतात. मला झोप येऊ देत नाही ते वेगळंच.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एक खोली आहे. भिंतींवर आणि जमिनीवर पडदे, त्यावर खरा वाटावा असा रस्ता आणि धावणाऱ्या गाड्या. लोकांना हातात फोन देऊन, मेसेज टाइप करत, तो खोटा रस्ता ओलांडायला लावतात. काहींच्या फोनवर गाड्यांबद्दल सूचना येते, काहींच्या नाही. सूचना मिळणारी मंडळी रस्त्याकडे कमी बघायला लागली. फोन सांगेल ना! मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण जे बनवतोय ते नक्की कुणासाठी?

आणखी पुढचं सांगतो. उद्या हे सगळीकडे आलं, तर अपघातानंतर पहिला प्रश्न काय येईल? 'पादचाऱ्याकडे फोन होता का? चालू होता का?' २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. दिवसाला नव्वद. विन्या, यातल्या कितीजणांच्या खिशात महागडा, दोन फ्रिक्वेन्सीवाला फोन असेल? पहाटे कामाला निघालेले, शाळेतली पोरं, उसाच्या फडावर जाणारे. रस्त्यावर दिसण्यासाठी त्यांनी आधी यंत्र विकत घ्यायचं, हे मला पटत नाही. आमच्या मीटिंगमध्ये मी हे एकदा बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढची स्लाइड आली.

आणि काकू? मी तुला त्या दिवशी फोनवर मुद्दाम विचारलं होतं, त्यांचा फोन कुठे होता म्हणून. तुला वाटलं असेल, याला काय पडलंय. तू म्हणालास, स्वयंपाकघरात, चार्जिंगला. काकू अर्धा लिटर दुधाची पिशवी आणायला खाली गेल्या होत्या. त्यासाठी फोन कोण नेतं? आणि उडवलं कुणी, तर दहा-बारा वर्षं जुन्या, दिवा बंद असलेल्या मोटरसायकलने. त्या गाडीत माझा कुठला डबा असणार? आमच्या साऱ्या खटाटोपात ना काकू बसल्या ना तो मोटरसायकलवाला. चौकातला रस्त्याचा दिवा दिवाळीपासून बंद आहे, तेवढं मात्र खरं.

तरी मी काम सोडत नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या टॅम्पा शहरात कोर्टासमोर, सिग्नल नसलेल्या मधल्याच ठिकाणी झेब्रा क्रॉसिंग आहे. तिथे त्यांनी खांबावर लेझरचा सेन्सर बसवला. चालणाऱ्या माणसाला तो खांबच बघायचा आणि येणाऱ्या गाड्यांना सांगायचा. माणसाच्या खिशात काही असो वा नसो. खांब हलत नाही, त्यामुळे त्याला स्वतःची जागा पक्की ठाऊक. बॅटरीची चिंता नाही, अंगातल्या पाण्याचा अडथळा नाही. गाडीत ऐकणारं यंत्र लागतंच, पण निदान बोलण्याचा बोजा काकूंवर पडत नाही. गेले चार महिने मी साहेबांच्या मागे लागलोय की एक खांब आपल्याही आवारात उभा करू. परवा ते "बजेट बघतो" म्हणाले. याआधी "बघू" म्हणायचे, म्हणजे प्रगती आहे. तो उभा राहिला की पुतळ्याचं चाक दुरुस्त करून घेणार, मी पुन्हा उन्हात चालणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय, दुपारपर्यंत सांगलीत. चाचणीसाठी आणलेल्या चकाकत्या पट्टीचा एक रोल उरलाय, तो घेऊन येतो. काकूंच्या काठीला आणि दुधाच्या पिशवीला लावू. त्या "मी काय सर्कशीतली आहे का" म्हणणार, ते तू सांभाळ. आणि त्या बंद दिव्याच्या खांबावर रंगाने नंबर लिहिलेला असेल, तो तेवढा टिपून ठेव. मागच्या खेपेला मी नंबर न देता तक्रार केली, तर त्यांनी शेजारचा चालू दिवा बदलून दिला.

तुझा,
सुहास