चित्राची मागची बाजूही नोंदवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यात नवी कलादालने हवीत ही मागणी अधूनमधून होते आणि ती रास्तच आहे. पण त्याआधी एक काम व्हायला हवे. सार्वजनिक मालकीची जी चित्रे आज आपल्याकडे आहेत, त्यांची छायाचित्रांसह एकत्र नोंद करून ती सर्वांना पाहता आली पाहिजे. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे मातामुलाचे शिल्प आहे, कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रे पाहायला मिळतात, हे जाणकारांना ठाऊक असते. पण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नगरपालिका, वाचनालये, महाविद्यालये आणि न्यायालयांच्या भिंतींवर धुरंधर किंवा हळदणकर अशा जुन्या चित्रकारांची किती चित्रे आहेत, ते मुंबईत बसून कोणी सांगू शकत नाही. बहुतेक वेळा त्या त्या कार्यालयातही सांगता येत नाही.

अशा ठिकाणी चित्राची नोंद सापडलीच तर ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, खुर्च्या, कपाटे आणि पंख्यांच्या ओळीत असते. ‘मोठी तसबीर, फ्रेमसह, १ नग.’ चित्रकाराचे नाव नाही, माप नाही. उद्या निर्लेखनाची, म्हणजे निकामी सामान काढून टाकण्याची, यादी निघाली की समितीसमोर मोडकी फ्रेम येते, चित्र येत नाही. आणि चोरी झाली तर पोलिसांना द्यायला फोटोसुद्धा नसतो.

नोंद कशी करावी यासाठी नवे काही शोधून काढायला नको. १९९७ पासून जगभर वापरात असलेल्या ‘ऑब्जेक्ट आयडी’ या पद्धतीत वस्तूचा प्रकार, साहित्य व तंत्र, मापे, लेख व खुणा, ओळख पटवणारी वैशिष्ट्ये, शीर्षक, विषय, काळ आणि कर्ता अशा ९ बाबी आहेत. शिवाय छायाचित्र आणि थोडक्यात वर्णन. चुका होतात त्या मुख्यतः मापांत आणि शीर्षकांत. माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची आणि मग रुंदी; फ्रेमशिवायचे वेगळे आणि फ्रेमसह वेगळे. हा क्रम पाळला नाही की उभे चित्र कागदावर आडवे होते. शीर्षक ठाऊक नसेल तेव्हा नुसते ‘निसर्गचित्र’ लिहू नये. एकाच संस्थेत तशी दहा निघतात. ‘नदीघाट, डावीकडे तीन होड्या, मागे देवळाचे शिखर’ असे लिहिले तर दहा वर्षांनी येणाऱ्या माणसालाही तेच चित्र हाती लागते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते चित्राच्या पाठीकडे, आणि पुष्कळदा सगळी माहिती तिथेच असते. कॅनव्हासवर विन्सर अँड न्यूटनसारख्या चित्रसाहित्याच्या विक्रेत्याचा शिक्का असतो. त्यावरचा पत्ता पाहून कॅनव्हासचा काळ अंदाजता येतो. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या एखाद्या प्रदर्शनाची चिठ्ठी असते, चित्रकाराच्या हातचे शीर्षक किंवा किंमत असते, जुन्या मालकाचा क्रमांक असतो, फाटलेल्या जागेला लावलेले ठिगळ असते. नवी फ्रेम करताना फ्रेमवाला मागचा जुना कागद फाडून टाकतो आणि हार्डबोर्ड ठोकतो, तेव्हा हे सगळे जाते. कॅनव्हासला मागून दुसरे कापड चिकटवले की शिक्का कायमचा झाकला जातो. म्हणून दुरुस्तीला पाठवण्याआधी प्रत्येक चित्राचा मागचा फोटो काढणे सक्तीचे असावे, आणि सुटलेली प्रत्येक चिठ्ठी पाकिटात घालून त्यावर चित्राचा क्रमांक टाकलेला असावा.

क्रमांक घालण्यातही नुकसान होते. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले तर दाबामुळे पुढच्या रंगथराला तडे जातात. मार्करची शाई झिरपते. स्टिकरचा गोंद वाळून चिठ्ठी गळून पडते आणि डाग मागे राहतो. तैलचित्राचा क्रमांक स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या चौकटीच्या, लाकडी पट्टीवर मऊ पेन्सिलीने लिहावा आणि सुती फितीचा टॅग बांधावा. कागदावरच्या कामाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. क्रमांक केवळ फ्रेमवर कधीही नको. रंगकामासाठी हॉल रिकामा केला की फ्रेमा बदलतात, आणि क्रमांक एका चित्राचा व चित्र दुसरेच, असा घोळ पुढे कित्येक वर्षे निस्तरत बसावे लागते.

हे काम मुंबई-कोकणात पावसाळ्यात करू नये. हवेतला ओलावा सलग ७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि जुलैत तो इथे ८० च्या पुढे असतो. कॅनव्हासवरचा सरसाचा थर ओलावा शोषून मऊ पडतो आणि सुकताना आकसतो. जुना रंग तेवढा लवचीक उरलेला नसतो, म्हणून तडकतो आणि पोपडे सुटतात. दिवसा एसी चालू, रात्री बंद, या पद्धतीने हेच चक्र रोज फिरते. त्यापेक्षा एसी नसलेली, हवा खेळती असलेली खोली परवडली. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र टांगायचेच असेल, तर मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून २-३ सेंटिमीटर फट ठेवावी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे सर्वांत वाईट, कारण ओलावा आतच कोंडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने मोजणी आणि छायाचित्रणाला चांगले.

चित्र उतरवण्याआधी एका बाजूने तिरपा टॉर्च मारून पाहावे. पोपडे उचललेले दिसले तर ते चित्र हलवू नये, संवर्धकाला बोलवावे. बाकीची उतरवताना फ्रेमच्या वरच्या पट्टीला धरून उचलू नये, जुने सांधे निसटतात. एक हात खाली, एक हात बाजूला. कॅनव्हास आणि स्ट्रेचर यांच्यामध्ये बोटे घालू नयेत. तिथेच चौकटीच्या कोपऱ्यातली एखादी निसटलेली लाकडी पाचर अडकून पुढे फुगवटा आलेला असतो. तो दिसल्यास नोंदीत लिहावा, ओढाताण करू नये.

छायाचित्रासाठी फ्लॅश नको. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एलईडी दिवे, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यासमोर, कडेला रंगपट्टी आणि मोजपट्टी. जुन्या वॉर्निशची चमक येत असेल तर पोलराइझिंग फिल्टर लावावा. मूळ फाइल टिफ स्वरूपात दोन ठिकाणी जपावी, संकेतस्थळावर छोटी जेपेग पुरते. तीन जणांची सरावलेली तुकडी फ्रेममधली मध्यम आकाराची वीसेक चित्रे दिवसात नीट नोंदवू शकते. म्हणजे एखाद्या नगरपालिकेचे सगळे काम बहुधा आठवड्यात उरकते. खर्चाचा बाऊ करण्यासारखे त्यात काही नाही.

कॉपीराइटचे कारण पुढे केले जाते, तेही तपासून घ्यावे. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये, आबालाल रहिमान १९३१ मध्ये, पेस्तनजी बोमनजी १९३८ मध्ये, धुरंधर १९४४ मध्ये, बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांना आता ही अडचण नाही. हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यामुळे २०२८ अखेरपर्यंत वारसांची परवानगी घ्यावी. मोबदला देऊन चित्रकाराकडून काढवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणाऱ्याकडे जातो. छायाचित्रांशिवाय नुसत्या मजकुराची यादी प्रसिद्ध करायला तर कोणाच्याच परवानगीची गरज नाही.

ब्रिटनमध्ये आज ‘आर्ट यूके’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमाने सार्वजनिक मालकीच्या २ लाखांहून अधिक तैलचित्रांची अशी नोंद केली. त्यात मोठ्या कलादालनांबरोबर लहान गावांच्या टाउन हॉलमधली आणि रुग्णालयांतलीही चित्रे आहेत. त्यांतली सुमारे ८० टक्के चित्रे एरवी लोकांच्या नजरेला पडत नाहीत. फोटो खुले झाल्यावर लोकांनी अनोळखी चेहरे आणि जागा ओळखून दिल्या. आपल्याकडे एखाद्या नगराध्यक्षाचे नाव हरवलेले व्यक्तिचित्र त्याच गावातले कुणी ज्येष्ठ पाहताक्षणी ओळखतील, पण त्यासाठी ते त्यांच्यासमोर यायला हवे.

संग्रहनोंदणीसाठी ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेली आहे आणि देशातली काही राष्ट्रीय संग्रहालये ती वापरतात. पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि कला संचालनालय यांनी मिळून ती वापरून येत्या नोव्हेंबरात एका जिल्ह्यापासून सुरुवात करावी, अशी आमची विनंती आहे. लोकांसाठीच्या नोंदीत संस्थेचे नाव पुरेसे आहे. चित्र कोणत्या खोलीत आहे, विम्याची रक्कम किती आणि किल्ली कोणाकडे, हे फक्त आतल्या नोंदवहीत राहावे.

आपले,
चित्रसंवर्धन व संग्रहनोंदणीचे काम करणारे काही जण, मुंबई