खचित म्हणजे काय?

प्रिय सॅम्युएल,

सलाम.

मुलांना बायबलचं सोपं भाषांतर द्यावं, सोबत सारांश द्यावेत, असं सुचवणारं तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लगेच लिहायला घेतलं होतं, पण पहिल्याच पानावर मी तुझ्याशी भांडायला लागलो, म्हणून ते फाडून टाकलं. राग गेलाय, भांडण शिल्लक आहे.

तुमच्या तरुण संघात कुणीतरी विचारलं, ‘खचित म्हणजे काय?’ आणि कुणीच हसलं नाही, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. हे तू लिहिलंस ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आपण दोघांनी ‘मी तुम्हांस खचित खचित सांगतो’ हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की तो शब्द आपल्याला कधी अडलाच नाही. या मुलांना अडतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘आमेन, आमेन’. प्रार्थनेच्या शेवटी येणारा तोच शब्द येशू वाक्याच्या सुरुवातीला आणतो, तेही दोनदा. ‘मी तुम्हांला खरं सांगतो’ असं केलं की अर्थ पोचतो, ठोका जातो. तरी मी म्हणेन, जाऊ दे. जो शब्द आज कुणाच्याच तोंडी नाही, तो केवळ जुना म्हणून पवित्र होत नाही.

आणि भारदस्तपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हेही सांग की नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, ग्रीक बहुतेक ठिकाणी बाजारातली, घरातली ग्रीक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळूत पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांचे, ढीग सापडले. त्यात पावत्या, तक्रारी, मुलाने घरी लिहिलेली पत्रं असलं काय काय होतं. आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की शुभवर्तमानांची, म्हणजे मार्क, लूक वगैरेंनी सांगितलेल्या येशूच्या कथांची, भाषा त्याच घराण्यातली. म्हणजे मार्काला साजूक मराठी नेसवणं हीसुद्धा एक प्रकारची बेइमानीच. (लूकची गोष्ट वेगळी. त्याच्या पहिल्या 4 ओव्या एकाच लांब, घडीव वाक्यात आहेत. सरसकट सगळ्यांना एका पातळीवर आणलं की हा फरक मरतो.)

इथवर मी तुझ्या बाजूने. पुढे नाही.

तू म्हणतोस, सोपं भाषांतर दिलं की मुलं वाचतील. मी माझ्या भाच्याला दिलं. वय 16, हुशार, दिवसभर काही ना काही वाचतच असतो, फक्त ते कधी चार ओळींपेक्षा मोठं नसतं. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय त्याने न अडखळता वाचला. ‘प्रारंभी शब्द होता, शब्द देवाबरोबर होता आणि शब्द देव होता.’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मामा, यात एकही शब्द नवा नाही. मग मला कळलं का नाही?”

याच्याइतकी चांगली समीक्षा मी गेल्या काही वर्षांत वाचलेली नाही.

इंग्रजी भाषांतरांना इयत्ता लावतात, हे तुला माहीत असेल. 1611 चं किंग जेम्स साधारण बारावीचं, न्यू इंटरनॅशनल सातवी-आठवीचं, त्याचीच मुलांसाठी केलेली आवृत्ती तिसरीची. अशा हिशेबात ज्या सूत्रांचा आधार घेतात, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध सूत्र 1975 मध्ये अमेरिकी नौदलासाठी तयार झालं, तांत्रिक पुस्तिका खलाशांना झेपतात का ते बघायला. त्यात वाक्यातले शब्द मोजायचे, शब्दातली अक्षरं मोजायची. बॉयलर दुरुस्तीच्या पुस्तिकेला ते ठीक, स्तोत्रांना तीच फूटपट्टी लावायची म्हणजे कमालच. ‘येशू रडला’ पहिलीतलं पोर वाचेल. आणि मराठीत तर हे सूत्र पहिल्या पायरीवरच घसरेल. ‘शेजाऱ्यांबरोबरसुद्धा’ हा केवढा लांब शब्द, पण कुणाला अडत नाही. ‘कृपा’ दोनच अक्षरांचा, आणि त्यावर प्रेषित पौलाने पत्रंच्या पत्रं खर्ची घातली.

मुलांना जड जातं ते वाक्य धरून ठेवणं. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात 3 ते 14 या ओव्या ग्रीकमध्ये मिळून एकच वाक्य आहे. सोपी भाषांतरं त्याचे दहाबारा तुकडे करतात. मीही केले असते, नाही केले तर मराठी वाक्याचा श्वास कोंडतो. पण तुकडे करताना आधी काय गळतं? ‘म्हणून’, ‘कारण’, ‘यासाठी की’. विटा उरतात, चुना जातो. आणि पौल म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच! ज्या मुलाला दोन वाक्यांमधला ‘कारण’ स्वतःहून शोधता येत नाही, त्याला आपण नेमका तोच काढून दिलेला मजकूर देतो, आणि त्याला सोपं म्हणतो.

वाचनाची ही घसरण काही फक्त तुझ्या संघातली नाही. 15 वर्षांच्या मुलांची जी पिसा चाचणी अनेक देशांत होते, तिच्यात 2018 ते 2022 दरम्यान विकसित देशांची वाचनातली सरासरी 10 गुणांनी उतरली, आणि उतार महामारीच्या आधीच सुरू झाला होता.

म्हणून सारांशाची कल्पना तेवढी सोडून दे. ‘भावाच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही’ याचं कुणीतरी ‘दुसऱ्यांचे दोष काढू नका’ करून ठेवतो. मुसळ पाहिलेलं नसेल तर हाताने माप दाखव, डोळ्याशी धरून दाखव. पोरं हसतील, आणि हसायलाच हवं, कारण ते वाक्य विनोदीच आहे. शिवाय कुसळ-मुसळ हे यमक मूळ ग्रीकमध्ये नाही, ती आपल्या भाषेची कमाई. ती कशाला घालवायची?

पंडिता रमाबाईंची आठवण येते. संस्कृतात भल्याभल्यांना गप्प करणारी ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सबंध बायबल साध्या मराठीत आणायला बसली, नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या बायकांसाठी. 1922 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये आलं. त्यांनी भाषा सोपी केली. मजकूर मात्र सगळाच्या सगळा ठेवला.

आणि एक आपण विसरतो. हे पुस्तक शतकानुशतकं बहुतेकांनी वाचलेलं नाही, ऐकलंय. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो आणि मंदिराचे सेवक लेवी, जमलेल्या लोकांना अर्थ सांगत जातात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात फिलिप रथात वाचत बसलेल्या एका कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, अधिकाऱ्याला विचारतो, ‘वाचता ते समजतं का?’ तो शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. तो म्हणतो, ‘कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार?’ मग फिलिप रथात चढून त्याच्या शेजारी बसतो.

मी भाच्याच्या बाबतीत तेच केलं. तो, त्याचे तीन दोस्त आणि मी. सोपं भाषांतर, पण अख्खा मार्क, मोठ्याने, आळीपाळीने. थांबत थांबत दोन तास लागले. एक पोरगा मध्येच झोपला, खोटं कशाला सांगू. शेवटी सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर मी मुद्दाम थांबलो, जिथे सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्क संपतो. बाया येशूच्या कबरेपासून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. ग्रीकमध्ये शेवटचा शब्दच ‘कारण’ आहे. भाच्याने पान उलटलं, कंसातला पुढचा मजकूर बघितला आणि म्हणाला, “हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय ना? वेगळं वाटतंय.”

मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतोय. संघाला शनिवारी संध्याकाळी बोलावून ठेव, किती मुलं येतील ते आधी कळव, म्हणजे तेवढ्या प्रती आणतो. पहिला अध्याय तू वाच. तुझा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे.

तुझा,
विजय