ऑस्लोतील ताईंस अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

ऑस्लोहून सांगलीला परतून मला दोन महिने होत आले. निघताना विमानतळाच्या गाडीत चढता चढता मी तुमचे आभार मानले खरे, पण ते पुरेसे नव्हते, ही रुखरुख अजून गेलेली नाही. एका सत्रापुरते तिकडे जाणाऱ्या इतर विद्यार्थ्यांच्याही वाचनात यावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुम्हाला असला गाजावाजा रुचत नाही, हे ठाऊक असल्याने नाव मात्र घातलेले नाही.

विद्यार्थी वसतिगृहाच्या अर्जाची मुदत माझ्याच हलगर्जीपणामुळे हुकली होती. जुलैअखेरीस एका जाहिरातीतील खोली फारच स्वस्तात मिळते आहे असे वाटून मी हुरळून गेले होते आणि तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आगाऊ पाठवण्यासाठी बाबा मुदत ठेव मोडायला निघाले होते. ओळखीच्या एका काकूंनी तुमचा नंबर दिला. रात्री उशिरा केलेल्या त्या पहिल्याच फोनवर तुम्ही खोलीबद्दल काहीही न विचारता एवढेच विचारलेत, ‘पैसे कोणाच्या खात्यात जाणार आहेत?’ नॉर्वेच्या 1999 च्या भाडेकरू कायद्याप्रमाणे अनामत भाडेकरूच्या नावे उघडलेल्या स्वतंत्र खात्यातच ठेवावी लागते, ती सहा महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि घरमालकाला ती परस्पर काढून घेता येत नाही, हे तुम्ही मला त्या रात्री समजावून सांगितलेत. दुसऱ्या दिवशी मी जाहिरात देणाऱ्या त्या गृहस्थांकडे अशा खात्याची विचारणा केली, त्यावर त्यांचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

नंतर तुम्ही टॉयेनमधल्या तुमच्या फ्लॅटमधील रिकामी झालेली खोली मला देऊ केलीत. घरमालकाची लेखी संमती घेतलीत, करारपत्र केलेत आणि मी पोहोचले त्या संध्याकाळी चहा होण्याआधी मोजपट्टी काढून माझ्यादेखत तिन्ही खोल्या मोजल्यात. तुमची तेरा चौरस मीटर, नॉर्वेजियन मैत्रिणीची दहा आणि माझी सात. भाडे त्या प्रमाणात, वीज मात्र तिघींत सारखी. खरे सांगायचे तर तो कागद आणि ती मोजपट्टी पाहून मी मनातून थोडी दुखावले होते. परक्या देशात आपले माणूस भेटले, म्हणजे ‘असू दे गं, तू आपलीच’ असे काहीतरी ऐकायला मिळेल, अशी माझी भाबडी समजूत होती. पण त्या हिशेबामुळेच पाच महिन्यांत एकदाही मला उपकाराच्या ओझ्याखाली वावरावे लागले नाही, फ्रिजमधल्या माझ्या कप्प्याबद्दल संकोच वाटला नाही आणि स्वयंपाकघरात कोणाची आधी वेळ यावरून कुरबुरही झाली नाही. आभार मानायचे ते मुख्यतः याचेच.

बाकी शिकवण किरकोळ वाटेल, पण माझा महिना तिच्यावरच निघाला. मेथी-कोथिंबीर ऑस्लोतल्याच ग्रोनलांड भागातील दुकानांतून आणायची, रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात म्हणून शनिवारीच सामान भरायचे, रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकून लहानीचे दोन आणि मोठीचे तीन क्रोन परत मिळवायचे. ब्लिंडर्नला विद्यापीठात जाताना मी पहिले काही दिवस उपाहारगृहात खाल्ले आणि घाबरून पाकीट मिटले, तेव्हा तुम्ही पावाच्या चकत्यांमध्ये कागद घालून बांधलेला ‘मातपाक्के’ दाखवलात. तिथे प्राध्यापकही तो खातात. म्हणजे आपला डबाच की! त्यानंतर माझ्या पोळी-भाजीच्या डब्याला लाज कसली ती उरली नाही.

आणि फोडणी. पहिल्याच वरणाच्या वेळी मोहरी तडतडली, लाल मिरची पडली आणि छतावरचा धुराचा गजर असा कोकलला, की आपली नॉर्वेजियन मैत्रीण ओल्या केसांनी न्हाणीघरातून धावत आली. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही शांतपणे पोळपाट उचलून त्या यंत्राखाली वारा घातलात आणि मग क्रम सांगितलात: आधी धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगावर, मग खिडकी बोटभर उघडी, हातात झाकण तयार आणि तेल जरा कमी तापलेले असतानाच मोहरी. गजर काढून ठेवू या का, असे मी विचारले होते; तेव्हा तुम्ही पहिल्यांदा रागावलात. 1 डिसेंबरला, तिकडच्या प्रथेप्रमाणे, त्यातील बॅटरी तुम्ही माझ्याच हाताने बदलून घेतलीत.

निघण्याच्या आदल्या रात्री तुम्ही शेवटचा हिशेब मांडलात, तेव्हा बाटल्यांच्या पैशातला माझा एकोणचाळीस क्रोनचा वाटाही त्यात होता. ती नाणी मी मोडलेली नाहीत. माझा मसाल्याचा डबा ओट्याखालच्या डाव्या कप्प्यात ठेवला आहे. त्या खोलीत नवीन मुलगी आली असेल, तर तो तिला द्यावा आणि फोडणीचा क्रम तिने पहिले वरण करण्याआधीच सांगावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
सात चौरस मीटरवाली भाडेकरू