लाकडाच्या मोबदल्यात छाटणी नको

महोदय,

वळवाच्या पावसात झाड पडले की बातमीत बहुधा एकच कारण दिलेले असते: झाड जुने झाले होते. माझा जन्म निफाड तालुक्यात द्राक्षबागेत गेला, आता मुलाकडे नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. रस्त्यात पडलेले झाड दिसले की मी थांबून ते कुठे मोडले ते बघतो. तिथे फार वेळा जुनी, चुकीची छाटणी सापडते. कोणीतरी कुऱ्हाडीने फांदी तोडून हातभर खुंट ठेवलेला असतो, खुंटातून कूज खोडात उतरलेली असते आणि त्याच पोकळ जागेवर नव्या फुटव्यांचा सगळा भार आलेला असतो.

आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, माहितगार टोळीशिवाय कोणी बागेत कात्री घालू देत नाही. पेठ-सुरगाण्याकडची माणसे येतात, कुठल्या डोळ्यावर कात्री मारायची ते आधी ठरते, मगच काम सुरू होते. आणि ज्या झाडाखाली मुले खेळतात, ते झाड शहरात आपण वाटेने जाणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हवाली करतो. व्यवहारही ठरलेला असतो: छाटणीचे पैसे नाहीत, लाकूड त्याचे.

खरे नुकसान या व्यवहारातच आहे. ज्याची मजुरी लाकडातून सुटणार आहे, तो वजन देणारी फांदी बघणार. म्हणजे जाड, सरळ, निरोगी. वाळलेली किंवा ढोली झालेली फांदी विकून काही मिळत नाही, म्हणून ती वरच राहते. आमच्या सोसायटीत या उन्हाळ्यात हेच झाले. पार्किंगवर आलेली गुलमोहराची वाळकी फांदी काढायला माणसे बोलावली आणि त्यांनी सुरुवात केली ती कुंपणाकडच्या कडुनिंबाच्या धडधाकट फांदीपासून. वर चढलेल्या पोराच्या कमरेला दोरसुद्धा नव्हता आणि विजेची तार त्याच्यापासून जेमतेम दोन हातांवर. मी सचिवांना खाली बोलावले आणि काम थांबवायला लावले.

नंतर रोजाने काम करणारा एक जाणता माणूस आम्ही आणला. लाकूड आमचे, मजुरी त्याची. त्याने आधी खालून झाडाला दोन फेऱ्या मारल्या, बुंध्यावर काठीने ठोकून आवाज ऐकला, मग पट्टा आणि दोर लावून वर चढला. वाळकी फांदी त्याने वरच्या आडफांदीवरून दोर घेऊन बांधली. खोडापासून हातभर अंतरावर फांदीला खालून खाच घेतली, त्याच्या थोडे पुढे वरून कापले आणि फांदी दोराने सावकाश उतरवली. खालची खाच नसती तर पडताना फांदीने खोडाची साल सोलून नेली असती. उरलेला खुंट त्याने शेवटी काढला, पण खोडाला सपाट लावून नव्हे. फांदी खोडाला मिळते तिथे एक सुरकुतलेली, फुगीर कड असते. ती शाबूत ठेवून त्याने तिच्या बाहेरून करवत चालवली. जखमेवर नवी साल या कडेतूनच चढते. कड कापली गेली किंवा पुढे लांब खुंट राहिला, तर जखम उघडीच राहते आणि पावसाळ्यात बुरशीला वाट मिळते. वरून डांबर किंवा ऑइलपेंट फासल्याने कूज थांबत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून हे दाखवले आहे: झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याभोवती आतून भिंत घालून तो वेगळा पाडते. आपण कापताना ती भिंत मोडू नये, एवढेच आपल्या हातात असते.

शेंडा उडवून झाड बोडके करण्याबद्दल तर कळकळीने सांगावेसे वाटते. लोकांना वाटते, उंची कमी केली की धोका कमी झाला. बोडक्या झाडाला पुढच्या पावसात झाडूसारखे फुटवे येतात. ते सालीलगत चिकटलेले असतात, आतल्या लाकडात त्यांची पकड मुळीच नसते. दोन-चार वर्षांत ते जाड होतात आणि वाऱ्यात उपटून येतात. तारेच्या बाजूने अर्धे झाड उभे कापले की उरलेला भार सगळा घराच्या बाजूला झुकतो. वडाच्या जमिनीत रुतलेल्या पारंब्याही अडचण म्हणून तोडतात, पण त्यांच्यावरच तर त्या लांब आडव्या फांद्यांचा भार असतो.

वेळही पाहावी. वाळलेली, धोक्याची फांदी कधीही काढावी. हिरवी छाटणी माघ-फाल्गुनात, आंब्याची मात्र फळे उतरल्यावर. ऐन मेमध्ये झाडाची सावली एकदम काढली तर आतली कोवळी साल उन्हाने भाजते, आणि त्याच दिवसांत कावळ्यांची घरटी असतात. एका वर्षात पावपेक्षा जास्त पाला काढू नये.

महाराष्ट्रात 1975 पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत झाड तोडणे म्हणजे कापणे, जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणेही आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानले. शहरोशहरी वृक्ष प्राधिकरणे आहेत. माझी त्यांना विनंती आहे की छाटणीच्या परवानगीवर नुसते ‘फांद्या छाटणे’ असे लिहू नये. जागेवर येऊन, कापायच्या फांदीवर रंगाची खूण करून, तिचा फोटो परवानगीला जोडावा. कापणाऱ्याकडे पट्टा आणि दोर असल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. आणि कापणाऱ्याला लाकडाच्या रूपात मोबदला देण्यावर बंदी घालावी. सोसायट्यांनी तर ही शेवटची गोष्ट कोणाच्या आदेशाची वाट न पाहता आपल्या पुढच्या बैठकीतच ठरवून टाकावी.

— एक द्राक्ष बागायतदार, इंदिरानगर, नाशिक