बायोडिझेलच्या लेखात विषाचा उल्लेख का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरच्या घरी बायोडिझेल करण्याचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. गच्चीत, अंगणात, गावच्या पडीक जमिनीत मोगली एरंड (जट्रोफा) लावा, बियांचे तेल काढा आणि गाडी चालवा, असा त्याचा एकूण सूर. एवढा मोठा लेख, पण या बिया विषारी असतात हे त्यात एका ओळीनेही आलेले नाही.

संगमेश्वर तालुक्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. नाचणी, वरी व्हायची. २००६ च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाने ती मोडून मोगली एरंड लावला. त्या दिवसांत रोपे विकणारे गावोगाव फिरत होते. नियोजन आयोगाचा २००३ चा अहवाल त्यांच्या तोंडी असायचा. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे ठरले आहे, तेव्हा बियांना गिऱ्हाईक कमी पडणार नाही, असे ते छातीठोकपणे सांगत. पाणी नको, खत नको, गुरे तोंड लावत नाहीत. यातले गुरांचे तेवढे खरे निघाले. झाड पाण्याशिवाय जगते, पण बी धरत नाही. फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे वेचणीच्या मजुरीतच सगळे जाते. बी घरून उचलून नेऊ म्हणणाऱ्या माणसाचा फोन पुढे लागेनासा झाला आणि पोती पडवीत पडून राहिली.

मे महिन्यात मुले गावी गेली. ती बी फोडली की आत पांढरा गर असतो, चवीला शेंगदाण्यासारखा गोडसर. माझ्या पुतणीने आणि शेजारच्या मुलांनी तो खाल्ला. संध्याकाळपासून वांत्या आणि जुलाब. रात्री जीप करून घाटातून दवाखाना गाठावा लागला. सलाईन लागली, मुले वाचली. दुसऱ्या दिवशी वहिनीने सगळी पोती खड्ड्यात पुरायला लावली. राज्यात कुठल्या ना कुठल्या शाळेतली मुले या बिया खाऊन आजारी पडल्याच्या बातम्या अधूनमधून तुमच्याच अंकात येतात. लेख छापण्यापूर्वी त्या कुणाला आठवल्या नाहीत?

दुसरे, तेल म्हणजे डिझेल नव्हे. त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ते साठ अंशांच्या आसपास तापवत ढवळावे लागते. लेखात यातले मिथेनॉल नुसते 'अल्कोहोल' म्हणून उरकले आहे. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसे ज्या दारूने गेली, तिच्यात हेच होते. ते ६४.७ अंशांना उकळते, त्याची वाफ पेट घेते आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत धड दिसतही नाही. चाळीतल्या एका खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी हा उद्योग कुणी करून पाहिला तर काय होईल?

आणि सोबतचे छायाचित्र तर मोगली एरंडाचे नाहीच. हाताच्या पंजासारखी पाने दिसतात तो साधा एरंड आहे. त्याचे बी याहून जहाल, आणि तेल इतके दाट की त्याचे बायोडिझेल घट्टपणाच्या मानकात बसत नाही.

बायोडिझेलला माझा विरोध नाही. मुंबईत त्यासाठी काही पेरायची गरजच नाही, वडे-भज्यांच्या कढयांत ते तेल रोज उरते. तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात खराब घटक, म्हणजे ध्रुवीय संयुगे, वाढत जातात; तळणाच्या तेलात ती २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचे नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. असे तेल गोळा करून बायोडिझेलला देण्याची 'रुको' योजनाही आहे. प्रत्यक्षात आमच्या इमारतीखालचा फरसाणवाला ते रात्री गटारात ओततो. पावसाळ्यात तोच तवंग आमच्या आवारात वर येतो. तक्रारी करून थकलो. यावर एखादा वार्ताहर पाठवा, मी स्वतः त्याला जागा दाखवीन.

सुट्ट्या तोंडावर आहेत, मुंबईची मुले गावी निघतील. पुढच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, मोगली एरंडाच्या बिया आणि मिथेनॉल यांबद्दलचा इशारा आणि झाडाचे योग्य छायाचित्र छापावे, ही विनंती.

एक जुना वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई